हात धुतले का?

साहेबांनी खाकरून बेसिनमध्ये गुळणी टाकली. ती धारेबरोबर वाहून गेली नाही. जाळीच्या कडेला चिकटून राहिली, आणि पाणी तपासायची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या आकडेबुवांची नजर, नको नको म्हणत असतानाही, नेमकी तिथेच खिळली.

ते बेसिन नमुन्यांच्या बाटल्या धुण्यासाठी होतं. भिंतीवर तशी सूचना होती, आणि सूचनेखालची सही साहेबांचीच होती. पण साहेबांच्या खोलीतला नळ गेले कित्येक महिने बिघडलेला होता, आणि साऱ्या शहराला पाणी पाजणाऱ्या या कचेरीला स्वतःचा एक नळ दुरुस्त करून घेणं जमलेलं नव्हतं. म्हणून साहेब सकाळी इथे येत, तोंड खंगाळत, नाक शिंकरत, आणि मग कामाचं विचारत.

"काय बुवा," ओठ पुसत साहेब म्हणाले, "खालच्या टाकीबद्दल तुमचं मशीन काय म्हणतंय?"

"अयोग्य म्हणतंय, साहेब."

"आजही?"

"आजही. पाचपैकी तीन नळ्यांत बुडबुडे आहेत."

"बुडबुडे तर सोडावॉटरमध्येही असतात. आपण पितोच की!" साहेब स्वतःच्या विनोदावर हसले. त्यांच्या दाढेत कालचं काहीतरी अडकलेलं होतं. हसताना ते दिसलं.

आकडेबुवा हसले नाहीत. मान खाली घालून त्यांनी नळ्यांचा स्टँड जरा सरळ केला. प्रत्येक नळीत पिवळसर द्रव होता आणि त्यात बुडालेली एक इवलीशी उलटी नळी. नमुन्याचं पाणी त्या द्रवात मिसळून ऊबदार कपाटात ठेवायचं. पाण्यात मैला शिरला असेल तर त्यातले जंतू रात्रभर पोसले जातात, आणि त्यांनी सोडलेला वायू उलट्या नळीच्या टोकाशी साठतो. एक स्वच्छ, गोल, जवळजवळ सुंदर म्हणावा असा बुडबुडा. या नोकरीत आकडेबुवांचे केस पांढरे झाले, तरी त्या सौंदर्याची शिसारी काही गेली नव्हती.

मैला कुठून येतो हेही गुपित नव्हतं. खालच्या टाकीची जुनी पाइपलाइन गटाराला खेटून जात होती, आणि कुठेतरी तिचा सांधा सुटला होता. तो शोधायला रस्ता खणायला हवा होता. पण वरच्या कचेरीचे तपासनीस येऊ घातले होते, आणि पाइपलाइन ठणठणीत असल्याचं साहेबांनी त्यांना आधीच कळवून टाकलं होतं.

"पाहुणे येऊन जाऊ देत," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "मग खणू निवांत. तोवर तुमच्या त्या प्रोग्रॅममध्ये मर्यादा जरा सैल करा. शून्य काय, शून्य? इतकं सोवळं जगात कुठे नसतं. चार ठेवा."

"चार म्हणजे, साहेब, पाचपैकी चार नळ्या बिघडल्या तरी..."

"बुवा, शाळा घेऊ नका माझी. तुमचाच प्रोग्रॅम ना? तुमच्याच हातचं काम. जेवणाच्या सुट्टीपर्यंत करून टाका."

आणि जाताना त्यांनी ओला रुमाल नळ्यांच्या स्टँडवर वाळत टाकला.

खरं तर त्या प्रोग्रॅमला प्रोग्रॅम म्हणायला आकडेबुवांना संकोच वाटे. तो त्यांना कुणी शिकवला नव्हता. माणसांशी बोलताना ज्याची जीभ टाळ्याला चिकटते, असा मनुष्य एखादी निमूट सोबत शोधतो. त्यांना ती संगणकावरच्या एका काळ्या खिडकीत सापडली. इंटरप्रिटर म्हणत तिला. एक ओळ लिहायची, की ती तिथल्या तिथे उत्तर देई. विचारलं तेवढंच सांगे. वर तोंड करून काही ऐकवत नसे, पाठीमागे हसत नसे. सुरुवातीला आकडेबुवा तिच्यात नुसत्या बेरजा करत. मग रोज रोज तेच तेच लिहिण्याचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी आपल्या कामाच्या सगळ्या रीती एका वेगळ्या फाइलमध्ये उतरवल्या: क्लोरीन कसा मोजायचा, कुठल्या नळाचा नमुना कुठल्या टाकीला जोडायचा, किती बुडबुड्यांना पाणी नापास करायचं. फाइलचं नाव ठेवलं 'पाणी'. सकाळी खिडकी उघडून 'इम्पोर्ट पाणी' एवढं लिहिलं, की त्यांची स्वतःची ती सारी विद्या खिडकीत हजर होई.

"बघा, बघा," पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणे, "पाणीखात्यातला माणूस पाणी इम्पोर्ट करतोय! घरचं पुरत नाही वाटतं."

फाइलच्या अगदी डोक्यावर त्यांनी एक ओळ घातली होती. फाइल आत आली की पडद्यावर आधी ती उमटे: 'हात धुतले का?' नमुने हाताळून तसंच कीबोर्डला बसायची खोड मोडावी, म्हणून स्वतःच स्वतःला केलेली ती सूचना होती. पण हळूहळू तिच्यात वेगळीच माया शिरली. दिवसभरात त्यांची अशी विचारपूस दुसरं कुणी करत नसे.

खिडकीचा एक स्वभाव मात्र जाणून घ्यावा लागे. फाइल ती एकदाच वाचे. पहिल्या इम्पोर्टला वरपासून खालपर्यंत नीट वाचून जे मनात धरे, तेच खिडकी उघडी असेपर्यंत धरून बसे. मध्येच तुम्ही फाइल बदलली आणि पुन्हा 'इम्पोर्ट पाणी' लिहिलं, तर ती मख्ख. ना तक्रार, ना 'हात धुतले का?'. सासरी आलेली सून माहेरच्या रीतीला चिकटून राहावी, तशी ती पहिल्या वाचनाला चिकटून राही. नवं वाचायला लावायचं तर वेगळी आज्ञा द्यावी लागे, नाहीतर सरळ खिडकी बंद करून पुन्हा उघडावी लागे. नवीन बाईंना हे आकडेबुवांनीच शिकवलं होतं. बाई रुजू होऊन दोन वर्षं झाली, तरी त्या 'नवीन बाई'च राहिल्या होत्या; त्यांच्यानंतर या कचेरीत नवं असं काही आलंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीआधी आकडेबुवांनी फाइल उघडली. शून्य खोडलं. चार लिहिलं. बोट की-वरून उचलताना त्यांना ते चिकट वाटलं, उष्टं वाटलं. फाइल जतन केली. मग सकाळपासून उघड्या असलेल्या त्याच खिडकीत त्यांनी लिहिलं, 'इम्पोर्ट पाणी'.

खिडकी काही बोलली नाही. 'हात धुतले का?' आलं नाही.

ते येणार नाही हे आकडेबुवांना ठाऊक होतं. तरी त्यांनी दुसरी आज्ञा दिली नाही, खिडकी बंद केली नाही. खालच्या टाकीचा निकाल मागितला, आणि प्रिंटरने कुरकुरत चिठ्ठी बाहेर टाकली: अयोग्य.

"हे काय?" साहेब आले.

"बदललंय, साहेब. ही बघा फाइल. इथे चार केलेत."

साहेबांनी पडद्याकडे लांबूनच पाहिलं. कीबोर्डच्या जवळ यायला ते झुरळाला भ्यावं तसे भीत. "मग नापास का म्हणतंय?"

"घेत नाहीये मशीन."

"घेत नाहीये म्हणजे?"

"बघतो, साहेब. होईल एकदोन दिवसांत."

हाताने लिहिलेला निकाल वरच्या कचेरीला चालत नसे. प्रिंटर जी चिठ्ठी काढील तीच खरी. छापतानाच तिची प्रत वर जाई, आणि कचेरीच्या फाटकावर खालच्या टाकीची पाटी लागे ती तिच्याच हुकमाने: हिरवी म्हणजे पाणी प्यायला योग्य, लाल म्हणजे अयोग्य, आणि टाकी बंद. त्या दिवशीही लाल लागली. दुसऱ्या दिवशीही लागली. आकडेबुवांनी संगणकावर कागद चिकटवला, 'बंद करू नये', आणि खिडकी उघडीच ठेवून ते घरी जाऊ लागले.

कुणाला वाटेल, की ते मनातून सुखावले असतील. पण तसं नव्हतं. रात्री हात धुताना त्यांना स्वतःच्या बोटांचीच किळस येई. साहेबांची गुळणी निदान उघड्यावर पडलेली होती. आपली घाण आपण झाकून ठेवली आहे. साहेबांपुढे हुकूम पाळलेला दिसावा, आणि पाप मात्र लागू नये! 'हो' म्हणण्याची लाज आणि 'नाही' म्हणण्याची भीती, यांच्या मधल्या फटीत ते पालीसारखे चिकटले होते, आणि आडोसा कसला, तर बिचाऱ्या एका यंत्राच्या स्मरणशक्तीचा. वीज एकदा गेली असती, तर त्यांचा सगळा प्रामाणिकपणा दिव्याबरोबर विझला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उतारावरच्या वस्तीत ताईकडे गेले; त्या वस्तीला पाणी खालच्या टाकीचंच. ताई त्यांची थोरली बहीण. एकटी राहायची, गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत.

"ये, छोट्या," ती म्हणाली. पन्नाशी गाठली तरी तिच्या लेखी ते छोट्याच होते. "पायरीवर जपून. सांडलंय पाणी. सांडायचंच, चढावरून दोन कळशा आणायच्या म्हणजे काय खाऊ आहे?"

"मला सांगायचंस. मी आणली असती."

"तू काय काय करणार? तिथे पाणी तपासणार की इथे वाहणार?" तिने बसायला पाट सरकवला आणि स्वतः भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. गुडघा वाजला. "काय रे, उद्या तरी हिरवी लागेल का तुमची पाटी?"

आकडेबुवा पाट ओढून बसले.

"शेजारीण म्हणते, त्या पाट्या काय, लावायच्या म्हणून लावतात. मी म्हटलं, असेल बाई, पण आमचा छोट्या तिथे बसलाय. दुधात केस दिसला तर दोन दिवस दुधाला शिवायचा नाही हा! तो कशाला गटाराचं पाणी लोकांना पाजेल? हिरवी पाटी दिसली की मी आपली डोळे मिटून पिते."

तिने सहज बोलावं तसं बोलून टाकलं आणि कळशीतलं पाणी त्यांच्यापुढे केलं. पाणी चढावरच्या नळाचं, चांगलं होतं. तरी आकडेबुवांनी भांडं हातातच धरून ठेवलं. हिच्या डोळे मिटण्याला आधार काय, तर कचेरीत उघडी राहिलेली एक खिडकी.

"का रे, वास येतोय का?"

"नाही गं. चांगलं आहे."

"मग पी की. तोंड का असं केलंयस, एरंडेल प्यायल्यासारखं?"

तिसऱ्या सकाळी साहेब आले ते तणतणत. तपासनीस दुसऱ्या दिवसावर आले होते. "बुवा, हे मशीन बदला, नाहीतर मला तरी बदला! एक आकडा घेत नाही म्हणजे काय?"

नवीन बाई बाजूच्या टेबलावर बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होत्या. त्या उठून मदतीच्या भावनेने पडद्यापाशी आल्या. आकडेबुवांनी त्यांच्याकडे पाहिलं; पण अशा नजरा वाचण्याचं वय बाईंचं नव्हतं.

"सर, आकडा बदलल्यानंतर 'हात धुतले का?' आलं होतं का?"

"नाही," आकडेबुवा म्हणाले.

"मग ते जुनंच धरून बसलंय! तुम्हीच नाही का मला सांगितलं होतंत? नुसतं पुन्हा इम्पोर्ट करून नाही चालत. खिडकी बंद करून उघडा, लगेच घेईल." आणि कागदावर बोट ठेवून त्या हसल्या. "वर तुम्हीच लिहून ठेवलंय, बंद करू नये."

बाईंचं हसू आपलं काहीतरी चुकलं असावं अशा शंकेने हळूहळू मावळलं. साहेब त्या कागदाकडे बघत राहिले, मग आकडेबुवांकडे. आकडेबुवांना वाटलं, आता आवाज चढेल. चढावा, असंही कुठेतरी वाटलं.

पण साहेब खूश झाले. डोळे बारीक करून, पोट हलवत, अगदी मनापासून हसले.

"अरे लबाडा! म्हणजे तुला ठाऊक होतं." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते आकडेबुवांना अरेतुरे करत होते. "साहेबालाही नाही म्हणायचं नाही आणि करायचंही नाही. मी तुला साधाभोळा समजत होतो रे. तू तर आपल्यातलाच निघालास!"

आणि नुकताच तोंडावरून फिरवलेला ओला हात त्यांनी आकडेबुवांच्या खांद्यावर ठेवून दाबला. ओल सदऱ्यातून आत उतरली, कातडीला लागली. शिव्या आकडेबुवा पचवू शकले असते. उभं आयुष्य त्यांनी तेच पचवलं होतं. ही शाबासकी त्यांना पचेना, कारण ती खोटी नव्हती.

"चल, कर बंद ते," साहेब म्हणाले.

आकडेबुवांनी खिडकी बंद केली. पुन्हा उघडली. लिहिलं, 'इम्पोर्ट पाणी'.

हात धुतले का?

कितीतरी वेळ ते त्या ओळीकडे पाहत राहिले. अक्षरं त्यांचीच होती, पण या वेळी विचारणारं दुसरंच कुणीतरी वाटलं. साहेबांनी बोटं वाजवली. आकडेबुवांनी निकाल मागितला. प्रिंटरने चिठ्ठी काढली: योग्य. चिठ्ठीशेजारी स्टँडमध्ये तिन्ही बुडबुडे आपापल्या नळीच्या टोकाला शांत बसले होते.

"आता कसं!" साहेब म्हणाले. "दे, मीच देतो फाटकावर."

"थांबा," आकडेबुवा म्हणाले. "हात धुऊन येतो."

ते बेसिनपाशी गेले. जाळीवर सकाळचं सगळं होतं. त्यांनी ब्रश घेतला, पावडर टाकली आणि आधी बेसिन घासलं, कडा घासल्या, जाळी उचलून तिच्या खालचं, बघवत नव्हतं ते सगळं काढलं. मग कोपरापर्यंत हात धुतले. साहेबांची चुळबुळ त्यांना पाठीमागे ऐकू येत होती. घाई करावीशी वाटली नाही.

परत येऊन त्यांनी फाइल उघडली. चार खोडलं, शून्य लिहिलं. खिडकी बंद केली, नवी उघडली. 'इम्पोर्ट पाणी'. 'हात धुतले का?' त्यांनी नकळत मान हलवली. प्रिंटर कुरकुरला.

"अयोग्य?" साहेबांनी चिठ्ठी ओढून घेतली. "आता काय झालं मशीनला?"

"मशीनला काही झालेलं नाही, साहेब. परवाही नव्हतं झालं." आकडेबुवांचा आवाज कापत होता, आणि तो कापतोय हे सगळ्यांना कळत होतं. "मी शून्य केलं."

"आणि मी सांगितलेलं?"

"ते मी नाही करणार."

एवढं साधं वाक्य. पण ते बाहेर आलं तेव्हा दुखरा दात उपटल्यासारखं रिकामं वाटलं त्यांना. पराक्रमासारखं काहीच वाटलं नाही.

साहेब पुन्हा 'तुम्ही'वर आले. "ठीक. उद्यापासून भांडारात बसा तुम्ही. तिथे पाइपांना कुणी योग्य-अयोग्य विचारत नाही. बाई, इथे तुम्ही बसायचं. कसं बदलायचं ते तुम्हाला येतंच." ते वळले. "आणि ही चिठ्ठी..."

"वरच्या कचेरीला पोचली," आकडेबुवा म्हणाले. "छापतानाच जाते. आधीची 'योग्य'ही गेली, आणि तिच्यामागून ही."

दार आपटलं. नवीन बाई भिंतीशी उभ्या होत्या. डोळे भरले होते. "सर, मला खरंच माहीत नव्हतं हो..."

"तुम्ही बरोबरच सांगितलंत," आकडेबुवा म्हणाले. "माझं चुकलं होतं." त्यांनी 'बंद करू नये'चा कागद काढून घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला, आणि खुर्ची बाईंकडे वळवून दिली.

फाटकावर शिपाई जागेवर नव्हता. लाल पाटी भिंतीला टेकवलेली होती, तारेचा आकडा गंजलेला. त्यांनी ती स्वतःच अडकवली. उद्या इथे कुठली पाटी लागेल, हे आता त्यांच्या हातात नव्हतं.

रस्त्याच्या पलीकडे ताई कळशी घेऊन उभी होती. पाटीकडे डोळे लावून.

"आजही लालच का रे?" ती तिथूनच ओरडली.

"आजही."

"तुझ्या त्या साहेबाला म्हणावं, ये माझ्याबरोबर चढ चढायला. ढेरी तरी उतरेल."

ते रस्ता ओलांडून गेले आणि तिच्या हातातून कळशी घेतली. ती नाही नाही म्हणाली, मग त्यांच्या दंडाला धरून चालू लागली. "हात किती गार आहेत रे तुझे," ती म्हणाली. "आत्ता धुतलेस का?"

चढाचा रस्ता कचेरीला वळसा घालून, प्रयोगशाळेच्या उघड्या खिडकीखालून जात होता. चढाच्या पहिल्या वळणावर तिचा गुडघा अडला म्हणून ते थांबले, तेव्हा त्यांना आतून प्रथम कीबोर्डचा थोडासा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग खुर्ची सरकली, आणि बेसिनचा नळ सुटला.